जाळी कुणी बांधली

बुधवार, १४ डिसेंबर १९५५. डोंबिवली.

विनू, तुझी गादी उसवायला घेतली आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, गेलेल्याची गादी घरात ठेवू नये, जाळून टाक. पण तू या गादीवर गेला नाहीस, इस्पितळात गेलास, आणि कापूस चांगला आहे. पिंजारी एक-दोन दिवसांत गल्लीत येईल. त्याच्याकडून पिंजून दोन लहान गाद्या भरून घेणार आहे. खोळ तेवढी धुवायला हवी. उशीकडे तुझ्या केसांच्या तेलाचा डाग आहे आणि पायथ्याशी वंगणाचा. रोज आंघोळ करून झोपायचास, तरी वंगण कुठून यायचं कोण जाणे.

तुझ्या संस्थेतले दोन मित्र येऊन गेले. वार्षिक अंकात तुझ्यावर एक पान द्यायचं आहे म्हणाले. तुझे दादा कागद घेऊन बसले आणि ‘हसतमुख, मनमिळाऊ आणि’ इथपर्यंत येऊन उठले. कागद माझ्याकडे आला. मला तसलं लिहिता येत नाही. तू हसतमुख नव्हतास, सकाळी तर मुळीच नाहीस. चहा पोटात जाईपर्यंत तुझ्याशी बोलायची सोय नसे. मनमिळाऊ होतास का, तेही सांगता येत नाही. वाद घालायचा तर तुझ्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही, आणि मी काही कमी पाहिलेले नाहीत.

इस्पितळात तुझ्याशी बोलायची बंदी होती. कुणी बोललं, दार वाजलं, भांडं पडलं, की तुझं अंग ताठ होऊन उचललं जायचं. खिडकीला काळं कापड लावलं होतं. मी बांगड्यांना रुमाल गुंडाळून तुझ्या शेजारी बसत होते. शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाही. आता आवाजाने तुला काही होणार नाही, म्हणून बोलते.

सासूबाई गेल्या तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. ‘आता हिला आई म्हण’ असं तुला बायकांनी शिकवलं. तू सरळ मान हलवून ‘ही वहिनी आहे’ म्हणालास. मला तेच बरं वाटलं. आई म्हणवून घेतलं असतं तर तुझे लाड करावे लागले असते.

पदविकेच्या शेवटी एक वर्ष कारखान्यात उमेदवारी करायची, तीही अखंड, मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून, हा तुमच्या संस्थेचा नियम. ठाण्याच्या त्या डब्यांच्या कारखान्यात तुला जागा मिळाली तेव्हा दादांनी पेढे आणले. मी म्हटलं, पेढे वर्ष संपल्यावर. दादा म्हणाले, “तुझं आपलं सगळं उधारीवर.” तू मात्र दोन्ही वेळा खाईन म्हणालास.

पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांच्या दाराने आत गेलास आणि पहारेकऱ्याने हाताला धरून कामगारांच्या दारात नेऊन सोडलं. संध्याकाळी घरी येऊन तू ते हसत सांगितलंस, पण कान लाल झाले होते. जेवायच्या सुट्टीचा घोळ त्याहून मोठा. कामगार शेडमागे जमिनीवर बसून जेवायचे, ते म्हणायचे तू साहेब, तिकडे जा. कारकुनांच्या खोलीत खुर्च्या मोजक्या, ते म्हणायचे उमेदवारांची सोय इथे नाही. पहिला महिनाभर तू कोठाराच्या भिंतीला टेकून, उभ्याने डबा खाल्लास. मी भाकरीऐवजी पोळीची गुंडाळी द्यायला लागले ती त्यामुळे, तुला वाटलं मला भाकरी थापायचा कंटाळा आला.

मग बाळाराम आला. म्हणजे तो तिथेच होता, झाकणं कापायच्या प्रेसवर, अनेक वर्षं. कोपरीचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. एक दिवस त्याने शेडमागून हाक मारली, “ए कालेज, उभ्यानी खानाऱ्याला जिरत नाय. बस हितं.” तेव्हापासून तुझं नाव कालेज. तुला कानस धरता येत नव्हती. लोखंडाचा ठोकळा चौकोनी घासायला दिलेला, तो तू आठवडाभर घासून वरवंट्यासारखा गोल करून ठेवलास. बाळाराम येता-जाता विचारायचा, “काय कालेज, कानस धरलीस का पेन धरलास?” रात्री तळहाताचे फोड मला दाखवताना तू त्याचा आवाज काढून दाखवायचास. आवाज चांगला काढायचास.

पुढे पत्र्याचा डबा स्वतः बनवून आणलास. मी झाकण लावून पाहिलं. “बसत नाही रे.”

“झाकण बरोबर आहे वहिनी. डबा चुकलाय.”

एका रविवारी बाळारामच्या घरी जेवून आलास. हीराबाईने, त्याच्या बायकोने, सोड्याचं कालवण केलं होतं आणि तू ते दोनदा मागून घेतलंस. आपल्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नाही. तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हळूच म्हणालास, “वहिनी, दादाला सांगू नकोस.” मी म्हटलं, सांगायची गरज नाही, तू तोंड उघडलंस की कळेलच. बडीशेप खा आणि मग त्यांच्यासमोर जा. दादांनी जेवायला बस म्हटल्यावर तू पोट दुखतंय म्हणालास, आणि त्यांनी तुला ओवा चावायला लावला.

हे सगळं मी मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण यापुढचं बरं नाही.

प्रेसचं काम तू मला चिंचेच्या बोटुकांनी समजावलं होतंस. पत्रा सरकवायचा, वरचा साचा खाली येतो, झाकण कापून निघतं. साचा खाली यायच्या आधी एक जाळी खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. पण जाळी खाली-वर होईपर्यंत वेळ जातो आणि झाकणं कमी निघतात. म्हणून जाळी वर बांधून ठेवायची. सगळेच ठेवत. फोरमन पेठे रोज भोंग्याआधी फेरी मारायचे, ते जाळ्या बांधल्या आहेत ना ते बघायला. बांधायचं काम सगळ्यांत नव्या उमेदवाराचं, म्हणजे तुझं. सरकारी तपासनीस येणार असले की फाटकावरून निरोप यायचा आणि तू धावत जाऊन सगळ्या सोडायच्या.

सुतळी निसटते, तार सोडायला वेळ लागतो. तू माझ्याकडे जुन्या लुगड्याच्या चिंध्या मागितल्यास. जुनं सुती लुगडं गाठ धरतं आणि एक टोक ओढलं की सुटतं. मी माझं हिरवं लुगडं फाडून बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून दिल्या. लागतील तशा नेत होतास. “सगळ्यांत पटकन माझ्या गाठी सुटतात, पेठेसाहेब म्हणाले,” असं तू अभिमानाने सांगितलंस. मी म्हटलं, मग जाळी लावलीच कशाला त्यांनी मशीनला? तू म्हणालास, “कायदा आहे ना.” आणि आपण दोघं दुसऱ्या विषयाकडे वळलो. भाजी काय करायची, असाच काहीतरी विषय असणार.

गणपती गेल्यावर थोड्याच दिवसांनी बाळारामचा उजवा हात प्रेसमध्ये गेला. अंगठा राहिला, बाकी बोटं गेली. तू पाच पावलांवर होतास. त्या दिवशी घरी आलास तेव्हा सदऱ्यावर काही नव्हतं, पण तू मोरीत जाऊन हात धुतच राहिलास. दादा बाहेरून ओरडले, “अरे, पाणी संपवतोस का आज?” मी त्यांना गप्प केलं.

तूच सांगितलंस, बाळारामला उचलून नेईपर्यंत पेठ्यांनी शेडमधल्या सगळ्या जाळ्या खाली सोडवल्या होत्या. चिंध्या पत्र्याच्या सांध्यांना डाग द्यायच्या शेगडीत गेल्या. आणि पेठे सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, “कितीदा सांगितलं, जाळी बांधू नका! ऐकतो कोण!” कामगारांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. तूही नाही. कामगाराने आपल्या हाताने जाळी बाजूला केली असं ठरलं, तर कायद्याने त्याला भरपाई मिळत नाही, हे तुला दुसऱ्या दिवशी कारकुनांच्या बोलण्यातून कळलं.

तू त्याला भेटायला इस्पितळात गेलास. परत आलास तो थेट माझ्यापुढे येऊन बसलास, चपलांसकट.

“बोलला नाही, वहिनी. मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी उभा होतो, वळलाच नाही.”

“दुखत असेल रे.”

“हीराबाईशी बोलत होता. मी आल्यावर गप्प झाला. त्याला माहीत आहे ना, बांधतो मी.”

मग आपला वाद सुरू झाला, आणि तो तू आजारी पडेपर्यंत चालू होता. तू म्हणायचास, चौकशीत जाऊन सांगतो, जाळी मी बांधली, पेठ्यांच्या हुकमाने बांधली. मी म्हणायची, वर्ष डिसेंबरअखेर पुरं होतंय. तेवढं होऊ दे, प्रमाणपत्र हातात घे, मग त्यांच्या तोंडावर काय सांगायचं ते सांग. तू म्हणायचास, चौकशी त्याआधी आहे. मी म्हणायची, चौकशीच्या तारखा पुढे जातात, जाईल हीही. तू म्हणायचास, नाही गेली तर? मी म्हणायची, तुला काढून टाकलं तर वर्ष गेलं, पदविका गेली, आणि पेठे म्हणतील काढून टाकलेला पोरगा सूड उगवतोय. तुझ्या शब्दाला कोण विचारणार? आत राहून वर्ष पुरं केलेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं.

“म्हणजे आधी माझी सोय,” तू म्हणालास.

“हो. आधी तुझी सोय. मी तुझी वहिनी आहे, बाळारामची नाही.”

तू ताट सारून उठलास. दुसऱ्या दिवशी जेवलास, पण माझ्याकडे न बघता.

विनू, माझं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं. तू नाहीस म्हणून मी ते बदलणार नाही, ते खोटं होईल. बाविसाव्या वर्षी माणूस सगळं एका दिवसात करायला निघतो. तुझं म्हणणंही चूक होतं असं नाही. आपण दोघं बरोबर होतो आणि वाद मिटला नाही, इतकंच झालं. वेळ मिळाला असता तर तू मला कंटाळवून जिंकला असतास, नाहीतर मी तुला.

पायाला पत्रा लागला तो नोव्हेंबरात. टाचेच्या वर, खोल. पत्र्याच्या कारखान्यात रोजच कुठेतरी कापतं. तू चिंधी बांधून काम केलंस, मी घरी हळद भरली, वरून जखम बुजलीसुद्धा. त्यानंतर एका संध्याकाळी तू नेहमीपेक्षा लवकर आलास. मी स्टोव्हला पिन करत होते. तू दारातच म्हणालास, “वहिनी, मी ठरवलंय.”

मी म्हटलं, “आधी जेवून घे, मग सांग.”

तू जेवलास. थकला होतास, पान वाढेपर्यंत भिंतीला टेकून डोळे मिटत होतास. जेवल्यावर तिथेच झोपलास. उठवलं नाही मी. यात मी चूक केली असं मला वाटत नाही. दमून आलेल्या माणसाला आधी वाढायचं असतं.

सकाळी जबडा दुखतो म्हणालास. मी दाढेत लवंग धरायला दिली. लवंग धरायला तोंड पुरेसं उघडेना, तेव्हा मी हातातलं काम टाकलं. डॉक्टरांनी टाच बघितली आणि दादांना बाजूला घेतलं. ठाण्याला नेईपर्यंत तुझी दातखीळ बसली होती. धनुर्वात. तुला सगळं कळत होतं, ते सर्वांत वाईट होतं. डोळे माझ्यावर असायचे. काहीतरी सांगायचं आहे असं मला वाटायचं, पण मरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघणाऱ्याला नेहमीच असं वाटत असावं. एकदा मी तुझ्या तळहातावर बोटाने ‘सांगायचं का?’ असं लिहिलं. स्पर्शानेच झटका आला. पुन्हा केलं नाही.

काकू म्हणतात, सांगायची वेळ आली आणि वाचा गेली, देवाचा काही संकेत असेल. मला त्यात काही संकेत दिसत नाही. गंजलेला पत्रा होता आणि जखम खोल होती.

तू गेल्यावर पेठे घरी आले. सोबत एक कारकून. मी चहा केला. पेठे दादांना म्हणाले, मुलगा हिऱ्यासारखा होता. कंपनीने ठरवलं आहे, वर्ष पुरं झालं असं धरून त्याचं प्रमाणपत्र द्यायचं. दादांचे डोळे भरून आले. ते लगेच म्हणाले, चौकटीत लावू. मग पेठ्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “गुरुवारी ठाण्याच्या कचेरीत त्या अपघाताची चौकशी आहे. तुम्ही काही काळजी करू नका. विनायकचं नाव त्यात कुठे येणार नाही.”

मी आतून विचारलं, “त्याचं नाव कशात यायचं होतं?”

पेठे म्हणाले, “नाही, म्हणजे तसं काहीच नाही.” चहा अर्धा ठेवून गेले.

तेव्हापासून मी कामं करते आहे आणि विचार करते आहे. तू काय ठरवलं होतंस, ते मला माहीत नाही. बहुतेक सांगायचंच ठरवलं असशील. पण असंही असेल की माझं ऐकून थांबायचं ठरवलं असशील आणि मला बरं वाटावं म्हणून घाईने सांगायला आला असशील. ते आता कळणार नाही. म्हणून उद्या जे करणार आहे ते तुझी इच्छा म्हणून करते आहे असं मी कुणाला सांगणार नाही. मला जे माहीत आहे ते मला माहीत आहे. चिंध्या मी दिल्या. कशासाठी जातात ते मला सांगून नेल्या होत्यास. कुणाच्या हुकमाने, तेही. आणि तुझं वर्ष पुरं व्हायचं होतं म्हणून मी थांबायला सांगत होते. थांबायचं कारण आता उरलेलं नाही.

संध्याकाळी दादांना सांगितलं.

“पेठे काय म्हणाले ऐकलंस ना? नाव कुठे येणार नाही.”

“मी आणणार आहे.”

“अगं, गेलेल्या पोराचं नाव घालवायचं? लोक म्हणतील, एका माणसाचा हात घालवला आणि मग गेला.”

“म्हणू देत. नाव घेऊन आता त्याला कुठे नोकरीला जायचंय?”

दादांनी खुंटीवरचा सदरा काढून पुन्हा तिथेच अडकवला. मग म्हणाले, “प्रमाणपत्र देणार नाहीत ते.”

“भिंतीत खिळा ठोकायचा वाचला.”

हे जरा जास्त झालं. दादा उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. त्यांना तुझं एवढंच मिळणार होतं, चौकटीतलं. ते मला कळतं, विनू. तू त्यांच्याशी कधी फारसं बोलला नाहीस, ते तुझ्याशी बोलले ते अभ्यासाचं आणि ओव्याचं. त्यांच्याकडे तुझं दुसरं काही नाही. माझ्याकडे पुष्कळ आहे, म्हणून मला हे सोपं जातं असेल.

पुढचं गुरुवारी संध्याकाळी लिहिते आहे. आज सकाळी दादा डबा न घेता ऑफिसला गेले. मी भात-आमटी झाकून ठेवली, घराला कुलूप लावलं आणि ठाण्याला उतरले. कचेरी उघडायला अवकाश होता. आधी कोपरीत गेले, कारण माणसाच्या चौकशीत बोलायचं तर आधी त्याला सांगायला हवं.

“प्रेसमध्ये हात गेलेला बाळाराम” म्हटल्यावर पहिल्याच बाईने घर दाखवलं. हीराबाई अंगणात जवळा वाळत घालत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“कोन पायजे?”

“मी विनायकची वहिनी. कारखान्यात उमेदवार होता तो.”

“कालेजची?” ती हात पुसत उठली आणि घराकडे तोंड करून ओरडली, “आवो, कालेजची वयनी आली!” मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, “आयकला आमी. लई वाईट झाला, बाई. हितं जेवून गेलता माझ्या हातचं.”

“माहीत आहे. सोडे.”

ती एकदम तोंडाला पदर लावून रडली. मी थांबले.

बाळाराम बाहेर आला. मला वाटला होता त्यापेक्षा वयाने लहान आहे, माझ्याच वयाचा असेल. उजवा हात पंच्यात गुंडाळून पोटाशी धरलेला. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, की जाळी माझ्या दिराने बांधली होती, पेठ्यांच्या सांगण्यावरून, रोज बांधत होता, चिंध्या माझ्या घरच्या होत्या, आणि हे मी आज कचेरीत सांगणार आहे.

तो म्हणाला, “मना ठाऊक हाय, बाई. रोज सकाली त्योच बांधायचा. माझ्याच डोल्यासमोर.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“काय सांगू? पेठे हात वर करनार. पोराव येनार समदं. पोराला काढनार, त्याचं वरीस जानार. थोडंच रायलं होतं.”

हीराबाई मध्येच म्हणाली, “मी रोज बोंबलतंय, नाव घे, नाव घे! सपथ आयकल तर! मना म्हंतो, मेलेल्या हाताला बोटं फुटनार हायत का नाव घेऊन?”

मी विचारलं, “इस्पितळात तो तुम्हाला भेटायला आला होता. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.”

“मग काय करू? कंपनीचा कारकून उशाशी बसलेला, कोन येतो, काय बोलतो बघायला. कालेज तर रडायच्याच बेतात. मी एक सबुद बोलला असता तर त्यानं समदं थयंच वकलं असतं. कारकुनासमोर.” त्याने पंचा पोटाशी आवळला. “वाईट वाटला का त्याला?”

मी म्हटलं, “हो.”

खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसाने तुझ्यासाठी तोंड बंद ठेवलं त्याच्याशी खोटं बोलायचं मला जमलं नाही. हीराबाईने जवळ्यावरचा कावळा हाकलला.

विनू, दोन महिने तू त्याच्या त्या पाठीचा अर्थ लावत बसला होतास, आणि तो तिकडे पडल्या पडल्या तुझं वर्ष सांभाळत होता. आणि घरी मीही तेच सांभाळत होते. तुला दोघांनी सांभाळलं आणि दोघांनीही सांगितलं नाही. हे तुला कळायला हवं होतं. कळलं नाही, आणि कळवायची सोय नाही.

“आता सांगा,” मी बाळारामला म्हटलं. “आता त्याचं वर्ष जात नाही.”

“तुमी सांगनार?”

“आधी मी सांगते. मग तुम्ही.”

“पोराचं नाव खराब होईल, बाई.”

“होऊ दे. तुमचं झालंय ते धुवून निघू दे.”

तो आत जाऊन सदरा घालून आला. उजवी बाही हीराबाईने घातली, गुंड्या तिनेच लावल्या. तिने घराला कडी घातली आणि आम्ही तिघं रेल्वेपुलावरून पलीकडे कचेरीत गेलो.

कचेरीत बाकावर पेठे आधीच बसले होते. मला बघून उठले, नमस्कार केला, बोलायला जवळ येऊ लागले. मी सरळ टेबलाशी गेले. कारकुनाने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, “बाई, तुमचा यात काय संबंध?”

“साक्ष द्यायची आहे.”

“कुणाबद्दल?”

“माझ्या दिराबद्दल. मशीनची जाळी त्याने बांधली होती, आणि कुणी बांधायला लावली तेही मला माहीत आहे.”

मागे पेठे काहीतरी म्हणाले. कारकुनाने दौतीत टाक बुडवला आणि दिराचं नाव विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, त्याला एक अक्षरही चुकता येऊ नये असं.